त्रुटीपत्र क्रमांक चार

तिसरं त्रुटीपत्र हाती पडलं तेव्हा पूलवालीचा राग असा काही चढला, की मावशीच्या ओट्यावरचं दूध गॅस न पेटवताच उतू गेलं. मावशी आजही शपथेवर सांगते. तोच राग डोक्यात घेऊन ती परवाना मंडळासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली, आणि बघते तर काय... मशीनपुढे एक माणूस निवांत उभा. एकेक पान उचलायचा, त्यावर फुंकर मारायचा, मग काचेवर ठेवायचा.

“अहो, पानं उडवताय की छापताय?”

तो वळला. चष्मा, आणि शर्टाच्या खिशाला पिना उपसायचा चिमटा.

“धूळ राहिली की काळा ठिपका उमटतो,” तो म्हणाला. “मग लोक त्याला दशांश चिन्ह समजतात.”

“किती पानं राहिलीत?”

“एकशे चाळीस.”

“माझी चारशे बारा आहेत!”

“मग आधी तुमचं होऊ दे.” तो इतक्या चटकन बाजूला झाला की भांडायला जागाच उरली नाही. याचाच तिला जास्त राग आला.

राग कुणावर तरी काढायचाच होता, म्हणून तिने दुकानवाल्या काकांना धरलं.

“काका, चार वर्षं मी परदेशात शिकले. सहा वर्षं तिकडे पूल बांधले. त्यांच्यावरून रोज माणसं जातात, एकही पडलेला नाही. आणि इथे हे मंडळ मला विचारतंय, तुम्ही इंजिनिअर कशावरून?”

“कशावरून?” काकांनी शाई भरता भरता विचारलं.

ती काकांकडे अशी बघायला लागली की काकांनी शाई सांडली.

गोष्ट साधी होती, म्हणूनच संतापजनक होती. बाहेर शिकलेल्याचा एकेक विषय इथल्या पदवीशी जुळवून पाहिल्याशिवाय परवाना नाही. परवाना नाही तर नकाशावर सही नाही. आकडेमोड तिने करायची, रात्रीचा दिवस तिने करायचा, आणि खाली सही ठोकायची तिच्या साहेबांनी. त्यांनी गेल्या दहा वर्षांत सहीखेरीज काही केलं नव्हतं, म्हणून ऑफिसात त्यांना सगळे सहीसाहेबच म्हणायचे. आता कालव्यावरच्या पादचारी पुलाचा नकाशा झाला होता. तिच्या हातचा, इथला पहिला. तो तीस तारखेला दाखल व्हायचा होता, आणि त्यावर सही तिला स्वतःची हवी होती.

“आणि आडवा कोण येतोय? मूल्यमापक क्रमांक सात! नाव लिहायची हिंमत नाही, नुसता आकडा. पहिलं पत्र : अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर विद्यापीठाचा शिक्का नाही. शिक्के मारून आणले. दुसरं पत्र : शिक्के पुसट आहेत. आता तिसरं : द्रवयांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांचे तास नमूद नाहीत. हा सात नंबर समोर आला ना—”

पुढे ती जे बोलली ते ऐकून मशीनने दोन पानं कोरीच बाहेर टाकली.

चष्मेवाला चिमट्याशी चाळा करत ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “तास कागदावर नसतील... पण प्रयोगशाळेत हजेरी तर घेतली असेल ना? हजेरीपट मागवा. मात्र तिकडून थेट मंडळाकडे, बंद पाकिटात. तुमच्या हातून आला तर चालत नाही.”

ती बघतच राहिली. सहा वर्षं पूल बांधलेली इंजिनिअर, आणि हे सुचलं नव्हतं.

त्याने ट्रेमधली पानं उचलली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. “गरम आहेत,” तो म्हणाला. “जपून.”

पानं गरमच होती. बोटं मात्र, का कोण जाणे, पानं ठेवून दिल्यावरही बराच वेळ गरम राहिली...

मंगळवार हा कागद दाखल करायचा वार. पुढचे तीन मंगळवार पूलवालीला झेरॉक्सचं काही ना काही काम निघालं, आणि चष्मेवाल्यालाही. तो तिच्या गठ्ठ्यातल्या पिना उपसून द्यायचा. ती रद्दी कागदाच्या पाठीवर पूल काढून दाखवायची.

“इथे तो थोडा झुलणार,” ती म्हणायची.

“झुलला तर लोक घाबरणार नाहीत?”

“अजिबात न झुलणाऱ्या पुलाला घाबरावं. तो एकदमच तुटतो.”

“माणसांचंही तसंच असावं,” तो म्हणायचा, आणि चष्मा पुसायला लागायचा.

एकदा त्याने विचारलं, “आज सात नंबरबद्दल काहीच नाही?”

“आज मूड बरा आहे.”

“मग चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.”

ती हसली. आणि मग तिने सात नंबरचा त्याच्यासाठी म्हणून, अगदी प्रेमाने, यथेच्छ उद्धार केला.

तिसऱ्या मंगळवारी मशीन अडलं. पूलवालीने झाकण आपटलं, आतून धूर आला, आणि काकांनी कपाळावर हात मारला.

“माझ्याकडे बघू नका हं काका! मी आयुष्यात कधी यंत्र बिघडवलेलं नाही.”

चष्मेवाला खळखळून हसला. “आणि तो पंप?”

पूलवालीने झाकण सोडलं.

“कुठला पंप?”

“दुसऱ्या वर्षी... जो... जळाला...” शब्द बाहेर पडता पडता त्याचा चेहरा कोऱ्या पानासारखा होत गेला.

“तो पंप माझ्या आईलाही माहीत नाही,” पूलवाली सावकाश म्हणाली. “तो फक्त हजेरीपटाच्या शेऱ्यात आहे. आणि हजेरीपट गेल्या आठवड्यात थेट मंडळात पोचलाय. बंद पाकिटात. ते पाकीट फोडायचा अधिकार एकाच माणसाला आहे.”

तो चष्मा काढून पुसायला लागला.

“तू सात नंबर आहेस.” रागात ती थेट एकेरीवर आली. “तीन आठवडे! माझ्याच तोंडून स्वतःचा उद्धार ऐकत उभा होतास?”

“त्यातलं बरंचसं... रास्त होतं.”

“हसू नकोस!”

“हसत नाहीये. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. आणि नंतर... नंतर वाटायला लागलं, सांगितलं तर पुढच्या मंगळवारी तुम्ही येणार नाही.”

“बरोबर वाटलं!” असं म्हणून ती गेली. साठ पानं ट्रेमध्येच राहिली.

अठरा तारखेला मंडळाचं पत्र आलं. पूलवालीने ते उभ्याउभ्या वाचलं आणि खुर्ची शोधली.

‘आपल्या प्रकरणाचे मूल्यमापक क्र. ७ यांनी अर्जदाराशी असलेल्या वैयक्तिक संबंधामुळे प्रकरण सोडले आहे. संबंधाचे स्वरूप : रक्ताचे / व्यावसायिक / शेजार / इतर.’ इतरवर खूण होती. पुढे, सुवाच्य अक्षरात : ‘प्रेम (एकतर्फी)’. त्याखाली गोल शिक्का. ठळक. ‘सबब, प्रकरण मूल्यमापक क्र. ३ यांच्याकडे नव्याने तपासणीसाठी पाठवण्यात येत आहे.’

“अगं बाई!” मावशी पत्र दिव्याखाली धरून म्हणाली. “शिक्का मारून प्रेम! आमच्या ह्यांनी तर पंचवीस वर्षांत तोंडीसुद्धा नाही सांगितलं.”

“मावशी, ‘नव्याने’ वाच! म्हणजे पहिल्या पानापासून! बारा दिवसांत!”

तळपायाची आग मस्तकात गेलेली ही बाई मंडळाच्या पायऱ्या चढली, तेव्हा रांगेतली माणसं आपणहून भिंतीला चिकटली. खिडकीतल्या कारकुनाने तिचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता सात नंबरला बाहेर पाठवलं.

“प्रेमात पडायला हाच मुहूर्त सापडला? तीस तारखेनंतर पडता आलं नसतं?”

“पडलो तेव्हा तारीख बघितली नाही,” तो म्हणाला. “कळलं तेव्हा बघितली. पण मी फाइल पास केली असती, तर उद्या कुणीही म्हणालं असतं, हिला परवाना असा मिळाला. तुमच्या सहीखाली तो ठिपका मला नको होता.”

त्याचं बरोबर होतं. त्यामुळे ती आणखीच भडकली.

“फाइल माझी. पूल माझा. प्रेम म्हणे तेही माझ्यावरच. आणि ठरवलंस सगळं एकट्याने? मला एका शब्दाने विचारायचं होतंस!”

“चुकलं.”

“ही त्रुटी नाही,” ती म्हणाली. “हे नापास आहे.” आणि वळली. जिना उतरताना डोळे का भरून येतायत म्हणून तिला स्वतःचाही राग आला.

ऑफिसात सहीसाहेब टपलेलेच होते. “आण इकडे नकाशा, ठोकतो सही. काय नाटक लावलंय!”

“आकडेमोड वाचलीत?”

“सही करायला वाचावं लागतं?”

तिने नकाशा खणात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

तीन नंबरच्या बाईंची ख्याती मोठी. त्यांनी म्हणे स्वतःच्या बदलीच्या अर्जातच तीन त्रुटी काढल्या आणि बदली गमावली. अठ्ठावीस तारखेला त्यांनी पूलवालीला बोलावलं. टेबलावर फाइल, फाइलवर हिरवं पेन.

“ही फाइल कुणी लावली?”

“मी.”

“खोटं. प्रत्येक पानाला शिक्का, प्रत्येक शिक्का ठळक, तासातासाची हजेरी. कुणीतरी हात धुऊन मागे लागल्याशिवाय फाइल अशी होत नाही.” बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझं पेन कोरडं राहिलं. मला काढायला काही ठेवलंच नाही मेल्याने.”

तीन पत्रं, तीन भांडणं... पूलवालीला ती फाइल आता वेगळीच दिसायला लागली होती.

“पंप कसा जाळलास गं?”

“पाणी सोडायला विसरले. तसाच चालू केला.”

“आता विसरतेस?”

“नाही.”

“हं.” शिक्का असा पडला की खालच्या मजल्यावरचं घड्याळ सुरू झालं, असं कारकून सांगतो.

एकोणतीस तारखेला पूलवालीने नकाशावर सही केली. नाव, त्याखाली परवाना क्रमांक. इतक्या जोरात, की ती खालच्या तीन प्रतींवर आणि टेबलावरही उमटली. टेबलावरची अजून आहे. सहीसाहेब तिच्यावर कप ठेवतात.

पुढच्या मंगळवारी झेरॉक्सच्या दुकानात तो उभा होता. पान उचलत होता, फुंकर मारत होता. त्याच्यापुढे एक घडी घातलेला कागद आला.

‘त्रुटीपत्र क्रमांक चार,’ त्याने वाचलं. ‘प्रति, मूल्यमापक क्र. ७. आपल्या घोषणेत “एकतर्फी” असा उल्लेख आढळतो. सदर विधान दुसऱ्या पक्षाला न विचारता केलेले असून त्यास कोणताही पुरावा जोडलेला नाही. तरी पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी, अन्यथा...’

त्याने कागद उलटून पाहिला. “अन्यथाच्या पुढे काही नाही.”

“सुचलं नाही. राग आला होता.”

“आणि... आता?”

“आहे अजून. बराच आहे. वर्षानुवर्षं पुरेल.”

काका मशीनच्या मागे वाकून, न अडकलेला कागद शोधायला लागले.

सात नंबरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद काचेवर ठेवू लागला. “याची एक प्रत काढतो, म्हणजे दुरुस्ती—”

तिने झाकणावर हात ठेवला. “झेरॉक्स चालणार नाही. मूळच पाहिजे. समक्ष.”

क्षणभर त्याला काय करावं कळेना. मग त्याने झाकणावरचा तो हात हळूच उचलला, नियमांच्या पुस्तकात कुठेही न सापडणाऱ्या काळजीने, आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

“गरम आहे,” तो म्हणाला.

“माहितीये,” ती म्हणाली. “जपून.”