मागे वळायचं नाही

धवल पहिल्यांदा आमच्या अंगणात आला, तेव्हा मी पाण्याच्या टाकीवर चढून बसले होते. हौस म्हणून नव्हे. खाली कॅप्टन उभा होता आणि त्याच्या तोंडात माझी ओढणी होती.

"घरात कोणी आहे का?" फाटकातून आवाज आला.

"आहे! वर बघा!"

त्यानं वर पाहिलं. काखेत हेल्मेट, बाहीला उसाचा पाला चिकटलेला, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"धनाजीराव भेटतील का? कारखान्याच्या शेतकी विभागातून आलोय. तुमच्या उसाला तोड कधी द्यायची ते बघायचं होतं."

"आबा रानात गेलेत. आणि तुम्ही आत येऊ नका! चावतो तो!"

"केवढा आहे?"

"पाच महिन्यांचा. दात मात्र मोठ्या वाघाचे आहेत!"

तो हसला आणि सरळ आत आला. कॅप्टननं ओढणी टाकून झेप घेतली, मी डोळे गच्च मिटले. किंकाळी काही ऐकू येईना, म्हणून एक डोळा उघडला. हा माणूस कॅप्टनकडे पाठ करून खुशाल फाटकाकडे निघाला होता, आणि आमचा राक्षस शेपूट हलवत त्याच्या मागोमाग चालला होता!

"तुम्ही... काय केलंत?"

"काही नाही, निघालो. असल्या पिल्लाच्या मागे धावलं की त्याला खेळ वाटतो, ते आणखी पळतं. आपण पाठ फिरवून निघालो की त्यालाच राहवत नाही. फक्त एक करायचं – मागे वळून बघायचं नाही." मग वर बघून म्हणाला, "उतरताय ना?"

"त्याला बांधा आधी."

"त्याला की मला?"

टाकीवरून उतरताना माझा पाय दोनदा घसरला, आणि तेव्हा तरी मी सगळा दोष कुत्र्यालाच दिला.

कॅप्टन माझा नव्हताच. राजवर्धनदादा सुट्टीवर आला तेव्हा हे बेल्जियन पिल्लू घेऊन आला. लष्करात असलीच कुत्री कामाला असतात म्हणे. दादा स्वतः हुद्द्यानं नाईक. "घरात एक तरी कॅप्टन असूदे," म्हणत त्यानं नाव ठेवलं. परत जाताना कोरेगावच्या स्टँडवर साखळी माझ्या हातात दिली. "शिवे, मी येईस्तोवर ह्याला संभाळ. तुज्याबिगर कुणाचं काम न्हाई." बस हलली आणि मी साखळी हातभर लांब धरली. लहानपणी वाईच्या घाटावर एका कुत्र्यानं माझी पोटरी धरली होती. तेव्हापासून रस्त्यात कुत्रं दिसलं तरी मी पलीकडच्या कडेनं जाते, हे दादाला चांगलं ठाऊक होतं. पण दादा सीमेवर चालला होता. त्याला नाही कसं म्हणायचं?

कॅप्टनला बसणं माहीतच नव्हतं. कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा करायचा, वासरांना गोल फिरवायचा, आईचा पदर धरून तिलाही गोठ्याकडे वळवायचा. एक दिवस त्यानं रानात ठिबकच्या नळ्या कुरतडल्या. आबांनी "कॅप्टन, ये, ये!" म्हणून लाडानं हाक मारली, आणि तो धावत आल्यावर पायातली चप्पल काढून हाणली. कॅप्टन केकाटत माझ्या पायांत शिरला. घाबरलेलं ते अंग माझ्या पोटरीला चिकटून थरथरत होतं. वाईचा घाट मी त्या घटकेला विसरले.

"आणि एक नळी तोडू दे," आबा ओरडले, "त्या विट्याकडच्या पोल्ट्रीवाल्याला देतो. बसंल मग जलमभर साखळीला!"

आबा बोलले की करतात. म्हणून मग मी भीत भीतच धवलला विचारलं, शिकवाल का? धवल मिरजेचा. त्याचे वडील सैन्यात कुत्र्यांच्या तुकडीत होते. "आमच्या घरी मीसुद्धा 'बस' म्हटल्यावरच जेवायला बसायचो," तो म्हणायचा. उसाची पाहणी करून झाली की संध्याकाळी तो आमच्या खळ्यावर यायचा. आई पडवीत मटार सोलत बसायची – खरं म्हणजे आमच्यावर नजर ठेवायला.

"हात खाली. आवाज गोड. तुमचा आवाज घाबरला की त्याला लगेच कळतं," धवल सांगायचा.

"आणि तुम्हाला?"

"मलाही कळतं. आत्ता घाबरलाय."

"कुत्र्याला घाबरलाय!"

"कुत्रा तर झोपलाय, शिवांजली."

खरंच झोपला होता. मी घाईनं भाकरीचे तुकडे गोळा करायला लागले. एक तुकडा धवलनंही उचलला, आणि आमची बोटं... एवढंच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दादाचा फोन दोन दिवस लागत नव्हता, कॅप्टन पोल्ट्रीवर जायची टांगती तलवार होती, आणि आता ही तिसरी धास्ती. हंगाम संपला की धवलची बदली ठरलेली होती.

एकच गोष्ट काही केल्या जमेना. नावानं हाक मारली की कॅप्टन थबकायचा, कान पाडायचा आणि उलट दिशेला पळायचा.

"बोलावून कुणी मारलंय का ह्याला?" धवलनं विचारलं.

मी आबांकडे बघितलं. आबांनी पागोट्याला हात घातला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

आमच्या उसाची तोड आली ती ऐन थंडीत. देखरेखीला धवलही उसाच्या फडावर होता. फड नेहमी कडेनं तुटत आत जातो, त्यामुळे आत दडलेलं सगळं जनावर हळूहळू मधल्या पट्ट्यात गोळा होतं. ससे, मुंगूस, कधी रानडुक्कर. त्या वर्षी पाटाच्या कडेला बिबट्याचे ठसेही दिसले होते. दुपारपर्यंत दहाबारा सऱ्यांचा पट्टा तेवढा उभा राहिला आणि तोडणाऱ्यांचे कोयते थांबले. आत काहीतरी सळसळत होतं.

तेवढ्यात माझ्या हातातल्या साखळीला हिसका बसला. कॅप्टन निसटला आणि सरळ त्या पट्ट्यात घुसला.

"कॅप्टन! ये! ये रं!" आबांनी हाक मारली. पाला हलला तो आणखी आत, आणखी लांब. मुकादम ओरडायला लागला, बायकांनी पोरं गाडीवर चढवली. आबांनी पुन्हा हाक मारली, आणि या वेळी त्यांचा आवाज फाटला. "आवं सायेब, माजं ऐकंना त्यो... म्या मारलाय त्येला..."

दादाला काय सांगू? तुझा कॅप्टन तुझ्याच रानात गेला म्हणून?

"शिवांजली," धवल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुम्हालाच करावं लागेल. नाव घ्यायचं नाही. हसत त्याला हाळी द्या, पाठ फिरवा आणि पळा."

"त्या... त्या उसाकडे पाठ करून?"

"हो."

"आणि मागून दुसरंच काही आलं तर?"

"मी तुमच्या बाजूला पळतोय." तो हसायला गेला, पण ओठ पांढरे पडले होते. "माझेही पाय कापताहेत. खोटं नाही सांगत."

का कोण जाणे, त्या एका वाक्यानं मला धीर आला. मी उसाच्या कडेला गेले. "चला रे पिल्लू, भाकरी!" घशातून निघालेलं ते हसणं मलाच ओळखू आलं नाही. मग पाठ फिरवली आणि धावले. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून, पाचटातून, धडपडत. मागे पाचट करकरलं. काहीतरी वेगानं येत होतं... जड की हलकं? मान आपोआप वळायला लागली.

"वळू नका!" धवल ओरडला.

मी वळले नाही. ओढणीला हिसका बसला, मी तोंडावर आपटले, आणि माझ्या कानाला ओली, गरम जीभ लागली.

त्याच क्षणी पलीकडच्या कडेला कल्ला उठला. पट्ट्यातून एक पिवळं, लांब अंग बाहेर पडलं आणि ओढ्याकडे नाहीसं झालं. मी कॅप्टनला छातीशी घट्ट धरलं आणि मोठ्यानं रडले. ज्या दातांना मी महिनोन् महिने घाबरले, ते माझ्या बाहीत रुतलेले होते आणि मला ते सोडवायचे नव्हते.

आबा आले, समोर उकिडवे बसले. कॅप्टननं कान पाडले. आबा उठले, पाठ फिरवली आणि मान खाली घालून घराकडे चालायला लागले. थोड्या वेळानं कॅप्टन माझ्या मांडीवरून उतरला आणि त्यांच्या मागं गेला. विट्याच्या पोल्ट्रीचं नाव पुन्हा आमच्या घरात निघालं नाही. त्या संध्याकाळी दादाचाही फोन लागला.

हंगाम संपला. धवल निरोप घ्यायला आला. बदली मिरजेजवळच झाली होती. खळ्यावर उभा राहून तो हवेबद्दल बोलला, पुढच्या खोडव्याच्या पिकाबद्दल बोलला, कॅप्टनला जंताचं औषध द्यायची आठवण केली.

"आणखी काही?" मी विचारलं.

"आणखी... म्हणजे... तसं काही नाही."

ते डोळे – सांगते म्हटलं होतं ना – ते सगळं बोलत होते. तोंड मात्र जंताच्या औषधावर अडलं होतं. उद्यापासून संध्याकाळी फाटक वाजणार नाही, या विचारानं माझ्या छातीत धडधडायला लागलं. उसातल्या त्या दुपारीही इतकं धडधडलं नव्हतं. हा असाच गेला तर?

"बरं मग," मी म्हटलं. "सांभाळून जा."

आणि पाठ फिरवून चालायला लागले.

खळं संपलं. गोठा मागे पडला. मागे काहीच वाजेना. डोळे भरून आले, समोरची वाट पुसट झाली, तरी मी मान वळवली नाही. आंब्यापाशी पोचले आणि मागे पाचोळा करकरला.

कॅप्टन तर समोरच होता, घराच्या पायरीवर लोळत पडला होता.

"शिवांजली... थांब ना! पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन येऊ का, तुझ्या आबांशी बोलायला?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो. मी ओढणीनं डोळे पुसले आणि हसू दाबत तशीच उभी राहिले, त्याच्याकडे पाठ करून.

"रविवारी नको, शनिवारीच आणा," मी म्हटलं.