हिरवी वाट

शहरातले सिग्नल शहाणे करायचं काम तिने अंगावर घेतलं तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. "माणसं शहाणी होत नाहीत, दिवे कसले होतायत," असं मोठे साहेब भर बैठकीत म्हणाले आणि स्वतःच हसले. वाहतूक विभागात ती एकटीच बाई अभियंता. लोकांच्या हसण्याची तिला सवय होती. तिने चौकाचौकात खांबांवर कॅमेरे चढवून घेतले, रस्त्याच्या पोटातून तारा ओढून घेतल्या, ती कंत्राटदारांशी घसा बसेपर्यंत भांडली. आणि दिवे खरंच शहाणे झाले. कुठे गाड्या तुंबल्यात, कुठे रस्ता मोकळा आहे, हे बघून आपलं आपण लाल-हिरवे व्हायला लागले. बसगाड्या वेळेवर यायला लागल्या. मोठे साहेब आता "आमची कल्पना" म्हणत गावोगाव भाषणं देत हिंडत होते.

तिला त्यातला एकच भाग जिवापाड आवडायचा. त्याचं नाव हिरवी वाट. रुग्णवाहिकेत एक चिमुकलं यंत्र बसवलेलं असे. गाडी निघाली की ते खूण पाठवी, आणि पुढचे सिग्नल एकामागून एक हिरवे होत जात. गाडी पुढे सरकली की मागचे पुन्हा नेहमीसारखे. नियंत्रण कक्षातल्या भिंतभर नकाशावर ही वाट उमलताना दिसली की तिच्या अंगावर मूठभर मांस चढे.

घरी या कौतुकाला काडीची किंमत नव्हती. घरात ती, नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण. वन्संनी आईवेगळ्या भावाला लहानाचं मोठं केलं होतं, त्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. भावाचं लग्न झालं तशी "आता मी वेगळी राहते" म्हणून त्यांनी ट्रंक भरली, तेव्हा हिनेच ती रिकामी करून माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच. म्हणजे रोज मनसोक्त भांडण्याइतकं जमलं.

"सगळ्या शहरावर हिची नजर," वन्सं म्हणत, "आणि गॅसवरचं दूध तेवढं दिसत नाही."

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा टळटळीत दुपार होती. ढापण्या नकाशासमोर बसला होता. जाड भिंगांचा हा ऑपरेटर दोन पोरांचा बाप होता, पण सगळा विभाग त्याला ढापण्या म्हणे आणि तो त्या नावाला ओ देई.

"मॅडम, हिरवी वाट उघडलीय," तो म्हणाला. "पण गाडी कुठंय?"

ती उठून पाहायला आली. रुग्णालयाच्या फाटकापासून सिग्नल हिरवे होत निघाले होते. रुग्णवाहिकेचा ठिपका नकाशावर कुठेच नव्हता. कॅमेऱ्यांत दोन्ही बाजूंना गाड्या थोपवलेल्या आणि मधे उन्हात चकाकणारा रिकामा रस्ता दिसत होता. वाट सरळ रस्त्यावर वेगाने धावत होती, वळणावर मंदावत होती. छापखान्यामागच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. जिन्यावरून एखाद्याला उचलून खाली आणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबली. मग उलटी फिरून रुग्णालयाकडे निघाली.

"बिघाड आहे," ती म्हणाली.

"बिघाड तर बिघाड. पण ह्यांचं काय?" ढापण्याने एका पडद्यावर बोट ठेवलं.

सिग्नलला थांबलेले लोक माना वळवत होते. डावीकडून उजवीकडे, सगळे एकदम, सावकाश. समोरून काहीतरी जात असावं तसे.

तिने त्या चौकातल्या हवालदारांना फोन लावला.

"आत्ता तुमच्या इथून काय गेलं?"

"रुग्णवाहिका गेली की, मॅडम."

"तुम्ही पाहिली?"

"आवाज ऐकला. बाजूला झालो." मग आवाज खाली आला. "पाहिलीच असेल ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी खरी रुग्णवाहिका निघाली. तीच वाट, तीच वळणं, छापखान्यामागची तीच गल्ली. ढापण्या तिच्याकडे बघत राहिला.

ती भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिने घड्याळं तपासली, तारा तपासल्या, रुग्णवाहिकांमधली यंत्रं काढून टेबलावर उघडली. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "यंत्र शिकतंय, मॅडम. मागच्या फेऱ्यांवरून पुढचा अंदाज बांधतंय."

"अंदाज बांधून लोकांच्या माना वळवतंय का?"

त्यावर तो कसंनुसं हसला आणि बॅग उचलून गेला. मोठे साहेब तर हरखलेच. "आधी कळतंय म्हणजे आणखी काय पाहिजे? पुढच्या भाषणात घालू."

मग ते पुन्हा घडलं. शाळेजवळच्या इमारतीपाशी, नंतर कालव्याकाठच्या घरांपाशी. आधी रिकामी वाट यायची आणि दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी. तिच्या मनाने एकच गोष्ट धरली आणि ती काही केल्या सुटेना. ही वाट ज्याच्या दाराशी येते, त्याची वेळ भरलेली असते. त्या माणसांचं पुढे काय झालं, हे तिने कुणालाच विचारलं नाही. विचारायचं तर एक फोन पुरेसा होता. तिचा धीर झाला नाही.

आणि एका दुपारी वाट पाण्याच्या टाकीच्या चौकातून डावीकडे वळली.

डावीकडे तिची वस्ती होती.

ती खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. हिरवे दिवे एकेक करून तिच्या रोजच्या रस्त्याने निघाले होते. दूधकेंद्र. बाग. तिच्या गल्लीचं तोंड. तिथे वाट थांबली. थांबून राहिली.

तिने घरी फोन लावला. वन्संनी उचलला.

"सगळे बरे आहात ना?"

"न बरं असायला काय झालं? हा बसलाय पेपर वाचत, मी बसलेय शेंगा सोलत. तुला आज एकदम आमची आठवण?"

"वन्सं, बाहेर बघा जरा. दारात कुणी आलंय का?"

चपलांचा आवाज, दाराच्या कडीचा आवाज.

"कुणी नाही गं," वन्सं म्हणाल्या. "शेजारचा कुत्रा तेवढा गेटकडे बघून शेपूट घालून बसलाय."

त्या संध्याकाळी तिने दोघांना डॉक्टरकडे चला म्हणून धोशा लावला. नवरा म्हणाला, रविवारी बघू. वन्सं म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? एवढीच हौस असेल तर स्वतःचं डोकं तपासून घे." आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी कामावर पोचली. टाकीच्या चौकापासून आपल्या गल्लीपर्यंतचे सगळे सिग्नल तिने यंत्रणेतून सोडवले आणि जुन्या ठरावीक वेळेवर टाकले. कारण विचारलं तर दुरुस्ती म्हणून सांगायचं. आता कुणी खूण पाठवो, कुणी न पाठवो, ती वाट तिच्या दारापर्यंत उघडणार नव्हती. वाटच नाही तर येणार कोण? तिला हे पटलं. एवढी शिकलेली बाई, तिला हे खरोखर पटलं, आणि किती दिवसांनी तिने चहा चवीने प्यायला.

दुपारी नवऱ्याचा फोन आला.

"ताई पडली," तो म्हणाला. "छातीत कळ आली. रुग्णवाहिका आलीय, तिला घेऊन निघालोय."

तिने फोन ठेवला.

ती नकाशाकडे धावली. या वेळी ठिपका होता. गल्लीतून निघून टाकीच्या चौकापर्यंत आला होता. तिथे लाल होता. मागेपुढे गाड्या ठासून भरल्या होत्या.

तिने एकामागून एक कळा दाबल्या. सिग्नल यंत्रणेत परत आले. हिरवा झाला. पण हिरवा होऊन उपयोग नव्हता. चौकात बस, टेम्पो, दुचाकी एकमेकांत अशा अडकल्या होत्या की पुढे सरकायला कुणालाच जागा नव्हती.

पुन्हा फोन.

"अगं, इथून हलतच नाहीये! तू तिथेच आहेस ना? काहीतरी कर ना!"

"करतेय," ती म्हणाली.

फोनमधून सायरन ऐकू येत होता. त्याच्या आडून वन्संचा आवाज आला. बारीक, पण नेहमीसारखाच वैतागलेला. "तिला ओरडू नकोस."

ठिपका हलला तेव्हा घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. नवरा पुढे कित्येक दिवस एकच वाक्य म्हणत राहिला. "तुझं ते यंत्र, नेमकं त्याच दिवशी बिघडलं." ती मान हलवी. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, आणि मग सांगता येईना.

रजा संपवून ती कामावर आली. ढापण्याने तिच्यासमोर चहा ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"छापखान्यामागचे आजोबा परवा आभार मानायला आले होते," तो म्हणाला. "स्वतःच्या पायांनी जिना चढून. म्हणून मग मी बाकीच्यांकडेही चौकशी केली. शाळेजवळच्या बाई, कालव्यावरचं ते कुटुंब. सगळे वाचलेत, मॅडम. रिकामी वाट ज्यांच्याकडे गेली, त्यांतलं एकही माणूस दगावलं नाही. गाडी वेळेत पोचली म्हणून वाचले, असं तेच सांगतात. म्हणजे तुमच्याकडेसुद्धा..."

तो थांबला. यंत्रणेच्या नोंदी रोज तोच बघे; त्या सकाळी सिग्नल कुणी सोडवले होते, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणार? त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"चहा गार होतोय," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर गेला.

त्या दिवशी ती उजेडातच घरी निघाली. टाकीच्या चौकात लाल लागला. तिने स्कूटर थांबवली. चौक भरला होता, तरी मधल्या रांगेत रुग्णवाहिकेएवढी एक लांबट जागा मोकळी होती. दुचाकीवाले चिंचोळ्या फटीतूनही घुसतात, पण तिथे कुणी घुसत नव्हतं. मागून येणारे हँडल वळवून बाजूने जात होते. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.

त्या जागेला लागून एक सायकलवाला उभा होता. कंटाळलेला, दमलेला. पाय जमिनीला टेकवायचा आळस म्हणून त्याने बाजूला हात लांब केला आणि शेजारच्या गाडीला टेकावं तसा त्या मोकळ्या जागेवर टेकवला. हात टेकला. सायकल सरळ उभी राहिली.

सिग्नल हिरवा झाला. त्याने हात काढला, तळव्याकडे पाहिलं, आणि तापलेल्या पत्र्याचा चटका बसल्यासारखी त्यावर फुंकर घातली.