बटणाची फीत

दिवा जरा बारीक करा आणि ती बॅटरी बंद करा, डोळ्यांवर येते. उद्याच्या फिती मोजून झाल्या ना? मग बसा. आणि तू गं, मघाशी काय म्हणालीस? शेवटून येणाऱ्यांचा वैताग येतो? येणारच. उद्या शेपूट तू आहेस. तीन तास कुणाच्या तरी मागे मुंगीच्या पावलांनी चालायचं म्हणजे काही खायचं काम नाही. पण हे ऐक, मग खुशाल वैताग.

नवीन पोरांसाठी सांगतो. या उद्यानातल्या शर्यतीत सगळ्यात शेवटच्या पळणाऱ्याच्या मागे एक माणूस चालतो, तो शेपूट. पळणारा पुढे गेला की झाडावरची फीत सोडायची, पिशवीत टाकायची, आणि पुढचं झाड. त्याच्या पुढे मात्र जायचं नाही. एवढा एकच नियम, शेंबड्या पोरालाही पाळता येईल असा. इथल्या मुकादमाला तो पाळता आला नाही. मी तेव्हा फाटकावर तिकिटं फाडायचो. रोज शेजारी बसून डबा खायचो आम्ही, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. त्यानेच सांगितलं, एकदाच, मी न विचारता.

शर्यत तेव्हाही फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी असायची, दुपारी चारला. सुरूच्या बनातून, वाळूच्या टेकड्यांवरून, खारफुटीच्या कडेने बारा किलोमीटर. फिती शिवून द्यायचे फाटकासमोरचे टेलरकाका. नारिंगी कापड, दोन्ही कडांना टीप. पैसे घ्यायचे नाहीत, कारण त्यांची बायको दरवर्षी पळायची. पळायची म्हणजे काय, चौपन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, दरवर्षी शेवटची यायची. पुढून कोणी हाक मारली की म्हणायची, "थांबा हो, आलेच!" नावच पडलं तिचं, आलेच मावशी. पोरं हसायची, तीही हसायची. असं हसता येणारं माणूस पुन्हा बघितलं नाही मी.

तिला अंधारात कमी दिसायचं. म्हणून मोठ्या फाट्यावर लावायच्या तीन फितींना काकांनी पांढरं बटण शिवलं होतं. कपाळावरच्या बॅटरीचा उजेड पडला की ते चमकायचं. डावीकडे बटण, डावीकडे घरची वाट. उजवीकडची वाट खारफुटीतून खाली चिखलात उतरते, आणि भरतीला तिथे पुरुषभर पाणी असतं.

एका वर्षी शेपूट होता मुकादम, आणि नेमका त्याच शनिवारी त्याच्याकडे जावई पहिल्यांदाच जेवायला येणार होता. सात वाजले तरी मावशी दहाव्या किलोमीटरलाच होत्या. घरून दोन फोन आले. तिसरा आल्यावर मुकादमाचं टाळकं सरकलं. "मावशी, मी होतो पुढे. नऊ वर्षं येताय, वाट काय तुम्हाला नवी आहे?"

"व्हा की. आलेच मी," मावशी म्हणाल्या.

तो पुढे झाला, आणि नुसता पुढे झाला नाही. उद्या सकाळी परत कोण येणार, म्हणून वाटेतली एकेक फीत सोडत गेला. फाट्यावरच्या तीनही. त्या त्याने वेगळ्या खिशात घातल्या, बटणं उपयोगी पडतील म्हणून! काका फाटकाशी तिची शाल घेऊन उभे होते. त्यांना "येतायत मागून" म्हणाला आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. जावयाबरोबर पोटभर जेवला.

त्या रात्री भरती आठ पन्नासला होती. मावशी तिसऱ्या दिवशी सापडल्या. उजवीकडे.

पहिल्या रात्री शोधाशोध चालू होती, तेव्हा हा गडी ऑफिसात एकटा गेला आणि फाट्यापासूनच्या सगळ्या फिती शेगडीत घातल्या. चौकशीत सांगितलं, फिती जागेवर होत्या, नंतर उधाणात वाहून गेल्या. मावशीच म्हणाल्या, जरा बसते, तुम्ही व्हा पुढे. साहेबांनी लिहून घेतलं. मेलेलं माणूस काय खोडून काढायला येतंय!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी त्याला माणूस म्हटलं असतं. पण काका दर शनिवारी ऑफिसच्या खिडकीशी यायचे. "मुकादम, बटणाच्या फिती होत्या ना रे?"

"होत्या काका."

"तिन्ही?"

"तिन्ही."

मग काका मान हलवून जायचे. मला नंतर कळलं ते का विचारतात. शर्यतीच्या सकाळी नवराबायकोचं वाजलं होतं. काका तिला म्हणाले होते, आता पुरे कर हे पळणं, लोक तोंडावर हसतात. ती न बोलता घराबाहेर पडली होती. बटणं दिसत असूनही बाई उजवीकडे वळली, म्हणजे जाणूनबुजून वळली, माझ्या बोलण्याने वळली, असं धरून बसले होते काका. वर्षभर. अर्धे झाले होते. एका वाक्यात सुटला असता तो माणूस. आणि ते वाक्य मुकादमाच्या जिभेवर होतं. पण याच्या पेन्शनला दोन वर्षं राहिली होती.

वर्ष फिरलं. पुन्हा तिसरा शनिवार. मुकादमच शेपूट. या खेपेला मात्र अगदी नियमाने, शेवटच्याच्या मागे. शेवटचा होता कॉलेजातला एक पोरगा, पाय मुरगळलेला. सात चाळीसला फाटा ओलांडून तो लंगडत डावीकडे गेला. काकांनी फिती याही वर्षी शिवल्या होत्या, पण बटणं लावली नव्हती. कुणासाठी लावणार?

मुकादम फाट्यावरची फीत सोडायला लागला, आणि मागे पाऊल वाजलं.

त्याला वाटलं, खेकडा असेल. पुढच्या झाडाशी गेला. गाठ सोडली.

चप... चप...

चिखलातून बूट उपसल्यासारखं. सावकाश. दमलेलं.

तो थांबला. तेही थांबलं.

आता ऐका, शेपटाच्या मागे कोणी नसतं. कोणी असूच शकत नाही, म्हणून तर तो शेपूट. त्याने बॅटरी मागे फिरवली. वाट मोकळी. खारफुटी मोकळी. वारा नाही.

तो चालू लागला. फिती सोडायचं विसरला. पुढचा पोरगा दिसेना.

चप... चप... चप...

"कोण आहे?"

काही नाही.

"कोण आहे रे?"

आणि मग, हातभर अंतरावरून, धाप लागलेल्या आवाजात...

"थांबा हो... आलेच..."

तो पळाला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, जीव मुठीत धरून पळाला. त्या लंगड्या पोराला मागे टाकलं, फाटक टाकलं, मला टाकलं. मी हाक मारली, त्याने बघितलंही नाही. तोंड खडूसारखं पांढरं. तडक समोर टेलरकाकांच्या दारात. तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती, मी घड्याळ बघितलं, कारण त्याच्या मागून फाटकाची कडी आपोआप हलली.

सांगून टाकायचं, हे त्याने पळतापळताच ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं, म्हणाला. काकांनी दार उघडलं. गळ्यात टेप, हातात कात्री. त्याच्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं,

"फिती होत्या ना रे?"

पायरीच्या खाली... चप.

मग काही नाही. कोणीतरी उभं होतं. वाट बघत.

मुकादमाने तोंड उघडलं. काकांचे डोळे बघितले. आणि त्याच्या डोक्यात काय आलं असेल? नोकरी. चौकशी. जावई काय म्हणेल.

"होत्या," तो म्हणाला.

मागे एवढंसं काही वाजलं नाही. पाऊल नाही, धाप नाही, 'आलेच' नाही. काका "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. मुकादम घरी चालत गेला, दहा वेळा मागे वळून. कोणी नव्हतं. सुटलो बुवा, असं वाटलं म्हणे त्याला. लाज नसलेला माणूस, झोपलासुद्धा!

सकाळी सव्वासातला आम्ही दोघं ऑफिसात चहा पीत होतो. काका आले. खिडकीशी नाही, आत आले. मूठ उघडून टेबलावर ठेवली.

नारिंगी फीत. दोन्ही कडांना टीप. मधोमध पांढरं बटण. ओलीचिंब, चिखलाने बरबटलेली. आणि तिचं एक टोक जळून काळं झालेलं.

"दाराच्या कडीला बांधलेली होती," काका म्हणाले. "टीप माझी आहे. बटण मी लावलंय. मुकादम, उधाणात वाहून गेलेली फीत जळते कशी रे?"

मुकादमाने कप खाली ठेवला. मला वाटलं, काका आता याच्या कानाखाली आवाज काढणार. मी तर म्हणतो काढायला हवा होता. पण ते खुर्चीवर टेकले. त्या बटणावरून अंगठा फिरवला, दोनदा, तीनदा. आणि रडायला लागले.

"म्हणजे ती घरीच येत होती," म्हणाले.

तक्रार केली नाही त्यांनी. कुणापाशी एक अक्षर बोलले नाहीत. मुकादमाला पेन्शन मिळाली, पूर्ण. जावई मात्र पुन्हा त्याच्या घरी जेवला नाही. हे कसं फुटलं, ते मला विचारू नका. हल्ली तो संध्याकाळी रस्त्याने चालतो आणि दर चार पावलांनी मागे बघतो. मागे कोणी येत नाही त्याच्या, घरचेसुद्धा नाहीत.

आणि फीत? ती काकांच्या दुकानात मशीनच्या वर खिळ्याला टांगलेली आहे. उद्या फाटकाशी याल तेव्हा समोर डोकावून बघा. भर उन्हाळ्यात दारात वाळत घातली. माझ्यासमोर कडक इस्त्री फिरवली तिच्यावर, नुसती वाफ निघाली. सहा वर्षं झाली. परवा मी बोट लावून जिभेवर टेकवलं.

खारट. अजून ओलीच आहे.