दुखेनाशी झालेली मान

खारवली बंदराचा नियंत्रण कक्ष धक्क्यापासून चार किलोमीटर दूर, टेकडीवर होता. तरी धक्क्यावर उचललेल्या प्रत्येक कंटेनरचं वजन रेवती मयेकरला मानेत कळायचं. बारा वर्षं ती तिथे बसून क्रेन चालवत होती. चालकाच्या मानेभोवती संवेदपट्टा असे. क्रेनचा लांब लोखंडी हात जिथे खांबाला जोडलेला असतो, त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचा ताण तो पट्टा टिपायचा आणि चालकाच्या कातडीवर दाबून दाखवायचा. बंदरावर त्या सांध्याला सगळे क्रेनची मानच म्हणत.

गेले पाच महिने रेवतीची स्वतःची मान दुखत होती. नुसती दुखत नव्हती. सकाळी उठताना अंगात त्राण नसायचं, जेवणावर वासना नव्हती, आजारी पडणार असं रोज वाटायचं आणि ती आजारी पडायची नाही. रक्त तपासून झालं, एमआरआय झाला, मणके पाहून झाले. सगळे कागद स्वच्छ. एका डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” त्या दिवशी ती रिक्षात बसून रडली. दुखण्यापेक्षा आपल्यावर कुणाचा विश्वास नाही, हेच तिला जास्त लागलं होतं.

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. इब्राहिम परकारांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला.

“नेमकं कुठे दुखतं, बोट ठेवून दाखवा.”

रेवतीने उजवा हात उचलला आणि तो मानेपासून वीतभर पुढे, हवेतच थांबला. ती ओशाळली. “वेड्यासारखं वाटेल डॉक्टर, पण ते जरा बाहेर दुखतं.”

परकार हसले नाहीत. “आंधळा माणूस काठीने चालतो, तेव्हा रस्ता त्याला काठीच्या टोकाला कळतो, तळहाताला नाही. मेंदू काठीलाही शरीरात धरतो. तुमच्या मेंदूने बारा वर्षांत क्रेनलाही तसंच धरलं असेल.”

त्यांनी वसुधा गद्रे या धातुतज्ज्ञ बाईंना बोलावून घेतलं. गद्रेबाईंनी सगळं ऐकलं आणि एकाच शब्दावर अडल्या.

“थकवा येतो म्हणालात? आमच्याकडे लोखंडालाही थकवाच येतो. पुन्हा पुन्हा ताण बसला की आत बारीक तडा जातो. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, वेडावाकडा थरथरतो.”

“मग क्रेनची धोक्याची घंटा वाजली असती,” परकार म्हणाले.

“घंटा ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाजते. ही थरथर त्याच्या कितीतरी खाली असते. यंत्र ती सोडून देतं. ह्यांचा मेंदू सोडत नसेल.”

बंदराचे व्यवस्थापक खोत चाचणीला नाइलाजानेच तयार झाले. सहा क्रेन एकाच ओतकामाच्या पोलादाच्या होत्या आणि रेवती रोज वेगळी चालवायची. क्रमांक झाकून तिने एकेका क्रेनने सारख्याच वजनाचा कंटेनर उचलून ठेवायचा आणि काय वाटलं ते सांगायचं, असं ठरलं.

पहिली क्रेन. उजवीकडे दुखलं. दुसरी, तेच. तिसरीला तिने ओठ चावला. चौथीला तिचे खांदे एकदम सैल पडले.

“नाही दुखत,” ती म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. पाचवी आणि सहावी पुन्हा दुखल्या.

गद्रेबाईंनी पाच क्रेन तिथल्या तिथे थांबवायला लावल्या. खोतांचा चेहरा उतरला. धक्क्याला जहाज लागलेलं होतं. “निदान चौथी तरी धड आहे,” म्हणत त्यांनी काम चौथीकडे वळवलं. दुसरा, नवखा चालक खुर्चीत बसला. पडद्यावर दिसत होतं, क्रेनच्या हाताखाली सतरा माणसं कंटेनरच्या कड्या सोडवत होती.

रेवती पाण्याचा घोट घेत होती. चौथीचा तो आराम तिला पुन्हा पुन्हा आठवत होता. छान वाटलं होतं. फारच छान. धड क्रेनने वजन उचललं की मानेवर दोन्हीकडे सारखा दाब यायला हवा. तिला डावीकडे दाब आला होता. उजवीकडे?

पेला तिच्या हातून सुटला.

“बाई, तडा आरपार गेला तर पुढे काय होतं?”

“तुटलेल्या भागावर भार येतच नाही. मग ताण...” गद्रेबाई बोलता बोलता थबकल्या.

“शून्य. मला उजवीकडे काहीच लागलं नाही. वजनसुद्धा नाही!”

तिने ध्वनिक्षेपक ओढला. “क्रेनखालून बाजूला व्हा! सामान टाका, पळा!” चालकाला उठवून ती स्वतः खुर्चीत बसली. पट्टा बांधला. अठ्ठावीस टन हवेत लोंबत होते आणि मानेची उजवी बाजू आपल्याला नाहीच, असं तिला वाटत होतं. घाईने सोडलं तर झटका बसणार, थांबलं तर भार तसाच राहणार. सगळं ओझं डाव्या बाजूला सोसत तिने बोटबोट करून कंटेनर जहाजाच्या डेकवर टेकवला. दोर सैल पडला तेव्हा तिचा सदरा घामाने चिंब होता.

दुपारी तपासनीस वर चढले. पाच क्रेनमध्ये बोटभर ते वीतभर तडे होते. चौथीची मान रंगाखाली उजव्या बाजूला आरपार तडकली होती. लोखंडी हात डावीकडच्या चार बोटं रुंद पट्टीवर उभा होता.

खोत रेवतीसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी हातातला कागद पुढे केला. त्याच ओतकामाच्या क्रेन आणखी एकोणीस बंदरांत होत्या आणि तिथल्या चालकांकडे त्यांनी चौकशी केली होती.

“पंधरा ठिकाणी मानदुखी आहे. अगदी तुमच्यासारखीच. बाकी चार ठिकाणी कुणाचीच काही तक्रार नाही,” ते म्हणाले. “म्हणजे तेवढी चार तरी वाचली.”

रेवतीने कागदावरची ती चार नावं वाचली.

“खोतसाहेब,” ती म्हणाली, “आधी त्या चार बंदरांना फोन लावा.”