सातशे दहा ग्रॅम

"अर्धा किलो वाढलंय हो तुमचं."

आवाज पायाजवळून आला. मी औषधांच्या दुकानातल्या वजनकाट्यावर डोळे मिटून उभी होते. दर शनिवारी सकाळी इथे यायचं, चपला काढायच्या, पर्स खाली ठेवायची आणि मग एकच डोळा किलकिला करून आकडा बघायचा, हा माझा तीन आठवड्यांचा नेम. आकडा बघायचा मान माझा होता. तो परस्पर कुणीतरी वाचावा आणि वर मोठ्यांदा सांगावा... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खाली बघितलं. काउंटरला टेकून एक माणूस जमिनीवर मांडी घालून बसला होता. कानामागे स्क्रू ड्रायव्हर, पुढ्यात लोखंडी वजनांची पेटी आणि हातात माझं कार्ड. माझं! डॉक्टरीणबाईंनी दिलेलं, ज्यावर मी दर आठवड्याचा आकडा लिहीत होते.

"दुसऱ्याचं कार्ड वाचायला काही वाटत नाही का?"

"पर्समधून घसरलं, उचलून देत होतो." त्याने कार्ड पुढे केलं. "अक्षर चांगलं आहे तुमचं."

"काटा बिघडलाय हा."

"बिघडला होता. आत्ताच दुरुस्त केला."

"मग नीट केलेला नाही!"

तो वाद घालत बसला नाही. "उतरा जरा," म्हणाला, आणि पेटीतली दोन मोठी वजनं उचलून काट्यावर ठेवली. बरोबर चाळीस किलो. उचलताना त्याच्या हाताच्या शिरा ताणल्या गेल्या, ते मी बघितलं नाही. म्हणजे... बघितलं, पण मुद्दाम नाही.

"मग मागच्या आठवड्यात चुकीचं दाखवलं असेल," मी हार मानायला तयार नव्हते.

"हो, अगदी बरोबर! मागच्या आठवड्यात सातशे ग्रॅम जास्त दाखवत होता. म्हणजे तसं बघितलं तर तुमचं अर्धा नाही, एक किलो दोनशे—" माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने पुढचं गिळलं. औषधवाले काका खोकल्याच्या बाटल्या मांडता मांडता तोंड फिरवून हसले.

आता तुम्हीच सांगा, संताप येणार नाही तर काय होईल? डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "साखर उंबरठ्याशी आलीय. सहा महिन्यांत आठ किलो उतरव, नाहीतर आईच्याच वाटेने जाशील." आई चार वर्षांपूर्वी त्याच वाटेने गेली. तेव्हापासून घरचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि दिवसभर शिलाईच्या दुकानात मशीन. पथ्य तसं साधंच होतं. अर्धं ताट भाजी, चतकोर भात, चतकोर डाळ किंवा अंडं. साखर बंद, तळलेलं बंद.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांसाठी तेच केलं. दादाने ताट बघून विचारलं, "घरात कोण आजारी आहे?" धाकटा म्हणाला, "डाएट तुझं ना? मग शिक्षा आम्हाला का?" आत्याने डोळ्यांना पदर लावला, "पोरीच्या हाताला चव होती, तीही गेली." बाबांनी फक्त मीठ मागितलं. दुसऱ्या दिवसापासून मी दोन स्वयंपाक करायला लागले, त्यांचा वेगळा आणि माझा वेगळा. भाजलेले बटाटे त्यांना आणि उकडलेला दुधी मला. इतकं सोसून एक किलो दोनशे वाढतं?

हे सगळं मी त्या काटेवाल्याला तिथेच, अनवाणी उभं राहून ऐकवलं. का ऐकवलं, देव जाणे.

त्याने मात्र नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांच्या स्वयंपाकाची चव कोण बघतं?"

"मीच. दुसरं कोण बघणार?"

"आणि उरलेलं कोण संपवतं?"

"उरतंच काय मेलं! एखादा घास इकडेतिकडे. चव बघणं म्हणजे काय खाणं झालं का?"

"माझी आई एका खानावळीत तीस माणसांचा स्वयंपाक करायची," तो म्हणाला. "संध्याकाळी रोज म्हणायची, मी सकाळपासून काही खाल्लं नाही. खोटं नाही बोलायची. तिला खरंच तसं वाटायचं."

त्याने पिशवीतून स्वयंपाकघरातला एक छोटा वजनकाटा काढून माझ्या हातात ठेवला. "उद्या रविवार आहे. ताट वाढून घेऊन, बसून खाल ते तुमचं. त्याशिवाय जे जे तोंडात जाणार असेल, ते एका डब्यात टाका. रात्री वजन करा. शंभर ग्रॅमच्या वर भरलं नाही, तर या दुकानात चारचौघांत तुमची माफी मागेन."

"आणि भरलं तर?"

"तर मला एक शर्ट शिवून द्या. तुम्ही मघापासून माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याकडे बघून भांडताय."

बघत होतेच. शर्टाचा डावा खांदा दोन बोटं खाली उतरलेला होता. कुठल्या आंधळ्याने शिवला होता कोण जाणे!

रविवारी मी ओट्यावर झाकणाचा डबा ठेवला तो केवळ त्या शहाण्याचं नाक कापायला.

सकाळी दुधाची साय पातेल्याला लागली होती. बोट तोंडाकडे निघालं... ते वळवून डब्याकडे नेलं. धाकट्याला पावाच्या कडा आवडत नाहीत, चार कडा डब्यात. आत्याला अंड्यातलं पिवळं सोसत नाही, तेही डब्यात. दुपारी बटाटे शिजले का बघायला दोन फोडी, रश्श्याचे तीन चमचे, मीठ घातल्यावर पुन्हा एक. बाबांनी "आता पुरे" म्हणून सोडलेला भात. दादाने हौसेने वाढून घेतलेली आणि मग ढकललेली भाजी. पातेल्याच्या तळाचं, एवढ्याशासाठी डबा कशाला भरायचा असं रोज वाटतं ते. चहाबरोबर बुडवून मऊ पडलेलं अर्धं बिस्कीट. प्रत्येक वेळी हात आपोआप तोंडाशी यायचा आणि मी त्याला अर्ध्या वाटेवर पकडायचे. मलाच चोर सापडत होता आणि चोर मीच होते.

जेवणाच्या आधी डबा काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा केलं.

सातशे दहा ग्रॅम.

पुन्हा ठेवला. सातशे दहा.

आधी लाज वाटली. मग मी झाकण उघडून आत बघत बसले आणि माझा राग हळूहळू दिशा बदलू लागला. त्या डब्यात मला आवडणारी एकही गोष्ट नव्हती. एकही घास गरम नव्हता. सगळं कुणीतरी नको म्हणून बाजूला सारलेलं. तीन आठवडे मी आरशासमोर उभी राहून स्वतःला अधाशी म्हणून शिव्या घालत होते, आणि इथे तर...

डबा उचलून तशीच बाहेर गेले आणि जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या मध्ये, आपटला.

"हे काय?" धाकट्याने नाक मुरडलं. "शी!"

"शी? हे मी रोज खाते. ओट्याशी उभी राहून. ह्या तुझ्या कडा, हे आत्याचं पिवळं, ही दादाची भाजी, हा बाबांचा भात. आज फक्त खाल्लं नाही."

"मग काय अन्न टाकून द्यायचं?" आत्या म्हणाली.

"टाकायचं नाही. कमी वाढून घ्यायचं आणि ज्याचं त्याने संपवायचं! मी काय घरातली उरलंसुरलं टाकायची बादली आहे?"

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बाबा डब्याकडे एकटक बघत होते.

"तुझी आईपण ओट्याशीच जेवायची," ते म्हणाले. "मी एकदाही विचारलं नाही, काय जेवलीस."

मग त्यांनी खुर्ची मागे सारली, आत जाऊन एक ताट आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "बस. आज सगळ्यांच्या आधी तू वाढून घे."

मी बसले. पण त्या रात्री मला काही गोड लागलं नाही. राग चार वर्षांचा होता, एका ताटाने थोडाच उतरतो.

सोमवारी औषधवाल्या काकांना पत्ता विचारून काटेवाला शिलाईच्या दुकानात हजर. "किती भरलं?"

"सातशे दहा."

मला वाटलं, आता हा फुशारकी मारणार. त्याने कानामागचा स्क्रू ड्रायव्हर काढून हातात फिरवला. "मला वाटलं होतं दीडशे-दोनशे भरेल," तो हळूच म्हणाला. "चिडलात?"

"तुमच्यावर नाही. हात वर करा, माप घेते."

टेप त्याच्या छातीभोवती फिरवली. त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा आणि साबणाचा मिळून वास येत होता.

"श्वास रोखू नका. शर्ट ढगळ होतो मग."

"मी कुठे रोखलाय?"

"चाळीस दाखवतेय टेप. आता एकोणचाळीस... सोडा म्हटलं ना! हं, अडतीस. टेप खोटं बोलत नाही."

"टेप जवळ आल्यावर श्वास रोखला जातो, त्याला मी काय करू?" तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "टेप धरणाऱ्या माणसाचा दोष आहे."

"तोंड बंद ठेवा. गळ्याचं माप चुकेल."

गळ्याचं माप मी तरीही दोनदा घेतलं. मालकीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

घरी मात्र रणधुमाळी माजली. आता एकच स्वयंपाक, माझ्या पद्धतीचा. ज्याला वेगळं हवं त्याने उठून करावं. दादाने एकदा बटाटे तळायला घेतले, कढई जाळली आणि दुधीची भाजी निमूट गिळली. धाकटा कडा खाताना तोंड असं करायचा की शत्रूवरही ही वेळ येऊ नये. आत्या आठवडाभर माझ्याशी अबोला धरून होती, पण ताट स्वच्छ करत होती. आणि शनिवारी काट्यावरचा आकडा खाली यायला लागला. आठशे ग्रॅम. मग पुन्हा सहाशे.

दर शनिवारी तो तिथे असायचाच. नव्या शर्टात, खांदे जागच्या जागी.

"काटा दर आठवड्याला बिघडतो का हो?" मी एकदा विचारलंच.

"माझा या काट्यावर विश्वास नाही."

"मला आता या काट्याचीच दया येतेय," औषधवाले काका म्हणाले. "बाई, याला एकदाचं काय ते सांगून टाका. माझं गिऱ्हाईक आत यायला घाबरतं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "रविवारी... माझ्याकडे जेवायला याल? मी करतो. पथ्याचंच."

"मी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काही काम करणार नाही, आधीच सांगते."

"पाय पण ठेवू देणार नाही."

त्याची खोली एवढीशी. खिडकीत टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीलगत उंचीनुसार लावलेली वजनं. मी उठायला गेले की तो "बसा" म्हणायचा. ताट त्याने माझ्यापुढे आधी ठेवलं. अर्धी भाजी, चतकोर भात, चतकोर डाळ, सगळं बहुतेक मोजलेलं. सगळ्यातून वाफ येत होती.

पहिल्याच घासाला माझी जीभ पोळली.

"सावकाश!" त्याने पाणी पुढे केलं. "गरम आहे."

गरम आहे. माझे डोळे भरून आले आणि मला भयंकर राग आला. या माणसासमोर, दुधीच्या भाजीवर रडायचं? ते पण असल्या भाजीवर? भाजीत मीठच नव्हतं! इतकं सगळं ग्रॅममध्ये मोजणारा माणूस मीठ विसरला होता.

मी खात राहिले. बोलता बोलता त्याचं जेवण थांबलं, त्याच्या ताटात दोन घास भात पडून राहिला. आणि माझा हात... चार वर्षांची सवय, मला कळलंसुद्धा नाही... सरळ त्याच्या ताटाकडे गेला.

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. अलगद, पण घट्ट.

"ते माझं आहे," तो म्हणाला. "मी संपवणार."

"मी आपलं सवयीने..."

"माहीत आहे." हात त्याने काढला नाही. "मला छान बोलता येत नाही. काही कबूल करायचं तर ते पाळता आलं पाहिजे, असं मला वाटतं. म्हणून एवढंच सांगतो... माझ्या ताटातलं तुमच्यासाठी कधी उरणार नाही. आयुष्यभर. तुमचं ताट वेगळं, आधी वाढलेलं आणि गरम. चालेल?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. माझी पोळलेली जीभ टाळ्याला चिकटली होती. दोन घासांचा भात आमच्या मध्ये गार होत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो उचलावासा वाटत नव्हता.

"आधी तो भात संपव," मी म्हणाले.

तुम्हीचं तू झालेलं त्याने ऐकलं. मान खाली घालून त्याने दोन्ही घास खाल्ले, शीत न् शीत वेचून ताट स्वच्छ केलं आणि परीक्षेचा पेपर दाखवावा तसं माझ्यापुढे धरलं.

"चालेल," मी म्हणाले. "पण भाजीत मीठ नाहीये. यापुढे चव मी बघणार."

"किती?"

"एक चमचा. मोजून घे हवं तर."