चांद्याचं आवतण

ओसरीच्या फरशीला एक भेग आहे. कालपर्यंत ती पंचेचाळीस सेंटिमीटर होती. आज सकाळी पट्टी लावली तेव्हा सत्तेचाळीस भरली. रुंदी मात्र एकोणीस वर्षांत बदललेली नाही. पोस्टकार्डाची कड जेमतेम आत शिरते. शहाबादी फरशी तडकली यात नवल काहीच नाही. पण एरवी भेग सांध्याशी थांबते. तिथं चुना असतो, ताण तिथं संपतो. ही भेग सांधा ओलांडून पुढच्या फरशीत आली आहे, आणि आज ती माझ्या उंबऱ्याला टेकली.

"लगीन न्हाई, लेकरू न्हाई," भागूबाई म्हणाल्या, "सकाळी उठून दगडाला काय मापता?"

त्यांना आता दिसत नाही. पट्टी फरशीवर टेकल्याचा आवाज मात्र बरोबर ओळखतात.

मी या घरात त्रेपन्न साली भाडेकरू म्हणून आले. पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी वडिलांची हैदराबादची कारकुनी सुटली, पुढं ते वारले, आणि मला इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. गारखेडा तेव्हा शहराबाहेर होतं. शहरातल्या गुलमंडीवरचे टांगेवाले इकडे यायला कुरकुर करत. मला ते गाव पहिल्याच दिवशी आवडलं. एक खोली, एक खिडकी, खिडकीबाहेर ज्वारी, आणि संध्याकाळी मोटेचं पाणी पाटात पडल्याचा आवाज. मला कशाची उणीव वाटली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणी माझी कीव करू नये.

घर कडूबा आणि भागूबाईंचं. गोठ्यात दोन बैल. त्यातला एक चांद्या. काळाभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका.

"आमच्या घरात शिकलेले दोघंच," कडूबा म्हणायचे. "एक तुमी, दुसरा चांद्या. मोट कवा भरली ते त्याला माझ्याआधी कळतंय."

चौपन्नच्या मे महिन्यात कडूबा विहिरीतला गाळ काढून मोटेच्या दोरावरून वर येत होते. ते निम्म्यात असताना जोडीचा बैल ऊन लागून जुवातच कोसळला. दोराला लटकलेला माणूस, खाली उघडा पडलेला खडक, आणि मोट ओढायच्या धावेच्या उतारावर एकटा चांद्या. तो पुढचे गुडघे मातीत रोवून बसला. वर सरकला असता तर कडूबा खाली गेले असते. तो सरकला नाही. शेजारच्या सातारा गावाच्या बाजूनं माणसं पळत आली तोवर बत्तीस मिनिटं झाली होती. मी तिथं होते. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून घड्याळ बघत होते. जुवाखाली त्याच्या डाव्या खांद्याचं कातडं सोलून निघालं. पुढं तिथं तळहाताएवढा घट्टा पडला.

दहा गावांतून लोक त्याला बघायला आले. बायकांनी ओवाळलं. चांद्या कडबा खात राहिला.

पंचावन्न साली पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होती. बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं हळद आणि लोणी चोळायचं, आणि त्यांना आवतण द्यायचं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ते घरधन्यानं द्यायचं असतं. त्या दिवशी भागूबाईंना काय वाटलं कोण जाणे.

"बाई, आज तुमी द्या. शिकलेल्या तोंडाचं आवतण लागू द्या त्याला."

मी चांद्यासमोर उभी राहिले. मला संकोच झाला. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं बोलायची मला सवय नाही, आणि तो बत्तीस मिनिटं धरून बसला तेव्हापासून त्याला नुसता बैल म्हणणं मला थोडं चुकीचं वाटत होतं. मी म्हणाले, "आज आवतण घ्या. उद्या जेवायला या. आपण जे कोणी असाल, तसे या."

कडूबा हसून बेजार झाले. "आरं चांद्या, तुला 'आपण' म्हनल्या रं! आता कडबा गोड लागतोय व्हय तुला?"

चांद्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या पापण्या लवल्या नाहीत.

सकाळी तो खुंट्याला नव्हता. वेसण आणि दावं जमिनीवर पडलेलं होतं. दावं तुटलं नव्हतं. वेसणीची गाठ होती तशी होती. नाकातून काढायची तर वेसण सोडावी किंवा कापावी लागते. मी ती हातात घेऊन बराच वेळ बघितली.

कडूबा शोधायला निघाले. दुपारी बाराला फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली.

माझ्याहून हातभर उंच. वर्ण जांभळट काळा, अंगावर हिरवं लुगडं, हातांत सोन्याचे जाड गोठ. केस मोकळे, आणि कपाळाच्या मधोमध एक पांढरी बट. ती हसली तेव्हा दोन्ही सुळे खालच्या ओठावर टेकले. ते तिला शोभत होते.

"काल आवतण मिळालं," ती म्हणाली. "मी आले."

"कुनाची वं माय तू?" भागूबाईंनी विचारलं.

"राजाची मुलगी. माझ्या वडिलांना लोक राक्षसांचा राजा म्हणतात. त्यांना राग येत नाही."

भागूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आत वळून म्हणाल्या, "राक्षसाची असू दे न्हाईतर देवाची. पोळ्याचं आवतण हाय. बाई, पाट मांडा."

मी ओसरीवर पाट मांडला. ती बसली, आणि पाट मोडला. त्याच्या खालची फरशी तडकली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. तो कोरडा आणि बारीक होता. संध्याकाळी मी भेग मोजली तेव्हा ती नऊ सेंटिमीटर होती. सागाची फळी, खालचा दगड, दोन्हींची जाडी, असं सगळं घेऊन मी गणित मांडलं. उत्तर चारशे किलोच्या आसपास आलं. उभ्या बांध्याच्या बाईचं वजन चारशे किलो नसतं. धष्टपुष्ट बैलाचं असतं.

ती नीट, सावकाश जेवली. मी वाढायला वाकले तेव्हा तिच्या डाव्या खांद्यावरून पदर सरकला. तिथं तळहाताएवढा घट्टा होता. त्याच्यावर हळद होती. लोण्याचा वास येत होता.

तेवढ्यात कडूबा परतले. त्यांनी खांदा बघितला. ते अंगणातच थांबले आणि मोटेवर हाक मारायचे तशी हळू हाक मारली, "हो, चांद्या. हो रं."

तिचा हात ताटावर थबकला. डावा खांदा पुढं झुकला, ओझं घेतल्यासारखा. मग तिनं स्वतःच्याच खांद्याकडे नवलानं बघितलं आणि पुन्हा जेवू लागली.

निघताना ती माझ्यापाशी आली.

"प्रमोदिनी," ती म्हणाली. या घरात मला त्या नावानं कोणीच हाक मारत नव्हतं. "परतीचं आवतण द्यायला हवं. तुम्ही आमच्याकडे जेवायला या."

"तुमच्याकडे कसं असतं?"

"चांगलं असतं. तिथं कोणाला मागचं काही आठवत नाही. सगळे सुखात असतात."

मी म्हणाले, "सवडीनं कळवते."

ती शेतातल्या वाटेनं साताऱ्याच्या डोंगराकडे गेली. काळ्या ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती. मी बोट घालून बघितलं, सगळं बोट आत गेलं. बांधापर्यंत पावलं होती. बांधापलीकडे माती तेवढीच ओली होती, आणि कोरी.

त्यानंतर ती दर पोळ्याला आली. बाराला यायची, दोनला जायची. पहिल्याच वर्षी विहिरीला पाणी वाढलं आणि पुन्हा कधी आटलं नाही. घरात कोणी आजारी पडलं नाही. शेजारच्या गोठ्यातले बैल ती जाईपर्यंत गुडघे टेकून बसत. गावानं आधी कुजबुज केली, मग सवय करून घेतली. आमच्या भागात लोकांना लवकर सवय होते. भेग दर वर्षी दोन सेंटिमीटरनं वाढली.

दुसऱ्या वर्षी कडूबांनी हाक मारली तेव्हा तिची फक्त बोटं थांबली. घट्टा मऊ पडला होता. तिसऱ्या वर्षी तो अधेलीच्या नाण्याएवढा उरला होता, आणि हाक ऐकून तिनं मान वर केली.

"कोणाला हाक मारता?"

"हितं एक बैल व्हता आमचा," कडूबा म्हणाले.

"चांगला होता?"

"लई."

"मग गेला कुठं?"

 कडूबांनी तुपाची वाटी तिच्या पोळीवर रिकामी केली. ती गेल्यावर धावेच्या टोकाला जाऊन बसले. मी मागून गेले.

"बाई, त्यानं मला धरलं व्हतं," ते म्हणाले. "माझं सोडा. पर त्यानं स्वोताच इसरावं व्हय? एवढं मोठं काम केलं आन् त्याचं त्यालाच ठावं न्हाई?"

"ती सुखात दिसते, कडूबा."

"दिसती ना. त्याचीच भीती वाटती."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "घड्याळात किती झालं व्हतं?"

"बत्तीस मिनिटं."

"तुमी इसरू नका. मी आज हाय, उद्या न्हाई. भागी तवा माहेरी व्हती, तिनं बघितलं न्हाई. बघितलेल्यातलं आता तुमीच."

"नाही विसरणार," मी म्हणाले.

म्हणून मी दर वर्षी 'सवडीनं कळवते' म्हणत राहिले. नाही असं एकदाही म्हणाले नाही. भागूबाईंनी एकदा फटकारलंही.

"असलं आवतण घेऊन माघारी फिरत न्हाईत, बाई. चांद्या फिरला का? व्हय तर व्हय म्हना, न्हाई तर न्हाई. ताटकळत ठेवू ने पाहुन्याला."

खरं कारण दोन्हीकडचं होतं. चांद्याच्या बाबतीत मी म्हणाले होते, आपण जे कोणी असाल. तो राजाची मुलगी निघाला. मी कोण निघेन, हा प्रश्न मला प्रयोगशाळेत कधी पडला नव्हता. दर श्रावणात मात्र पडू लागला, आणि दर श्रावणात तो थोडा गोड वाटू लागला.

कडूबा सदुसष्ट साली गेले. झोपेत, काही त्रास न होता. मोटेच्या जागी वीजपंप आला, मुलाचं लग्न होऊन घरात सून आली. शेताचे प्लॉट पडले, नव्या घरांना कुंपणं आली, आणि मी जिथं पावलं मोजली होती तो बांध एका बंगल्याच्या न्हाणीघराखाली गेला. गोठ्यात आता बैल नाहीत. पोळ्याला आम्ही कुंभाराकडची मातीची जोडी पुजतो. ती अजून येते. अजून तेवढीच तरुण आहे. खांदा गुळगुळीत झाला आहे. पांढरी बट काळी झाली आहे. गेल्या वर्षी भागूबाईंनी तिला विचारलं, "माय, तू आमच्याकडं का येतीस गं?" ती म्हणाली, "मला ठाऊक नाही. वाट माहीत आहे."

या जूनमध्ये मी निवृत्त झाले.

गेल्या पोळ्यापासून कोणी त्या फरशीवर बसलेलं नाही. पोळा उद्या आहे. तरी भेग आज सकाळी दोन सेंटिमीटर पुढं आली. मी पट्टी तीनदा लावली. मग दुपारी कागद घेऊन बसले आणि चौपन्न सालच्या मे महिन्यातल्या त्या दिवसापासून सगळं लिहून काढलं. आता ती बत्तीस मिनिटं एकट्या माझ्याकडे नाहीत. भागूबाईंच्या सुनेला, सरूबाईला, मी सांगितलं आहे की हे कागद पेटीत ठेव आणि वर्षातून एकदा सासूबाईंना वाचून दाखव.

इथून पुढच्या कागदांवर पिवळे डाग दिसतील. हात धुतले, पण गेले नाहीत.

दिवस मावळायच्या आधी फाटक वाजलं. आदल्या दिवशी ती कधी आलेली नव्हती.

तिच्या हातात पितळी वाटी होती आणि पळसाची दोन पानं. मी ओसरीच्या कडेला बसले होते. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"पदर जरा बाजूला घ्या."

मी घेतला.

तिनं आधी गरम पाण्यानं माझे खांदे शेकले. मग हळद आणि लोणी लावलं. हात जड होता, पण दुखलं नाही. एकवीस वर्षं फळ्यावर लिहून उजवा खांदा आखडलेला आहे. तो सुटला. मला फार बरं वाटलं.

"आज आवतण घ्या," ती म्हणाली. "उद्या जेवायला या. आपण जे कोणी असाल, तसे या."

या वेळी तिनं माझं नाव घेतलं नाही.

मी माझं नाव मनात म्हणून बघितलं. ते आलं. जरा उशिरानं आलं.

आतून पुरणाच्या डाळीचा वास येत होता. भागूबाई भिंत धरून दारापर्यंत आल्या. त्यांनी हवेत नाक वर केलं.

"हळदीचा वास येतोय. आपल्यात बैल कुठंय आता?" त्या म्हणाल्या.   मग नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, उद्या तुमचा पाट मांडायचा का?"

मी भेगेकडे बघितलं.

"नको, भागूबाई," मी म्हणाले. "उद्या मी त्यांच्याकडे जेवायला जाते."