बाबांचा हातमोजा

निघता निघता धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बाबांचा तो हातमोजाही घेऊन ये. प्रयोगशाळेत परत मागतायत."

म्हणजे निस्तरायचं ते मीच. आईला कायमचं माझ्याकडे आणायला निघाले होते, त्यात हे एक शेपूट.

मोजा भावाचाच पराक्रम, त्याच्या प्रयोगशाळेतला. उजेड पडला की आकसणारं आणि अंधारात सैल होणारं कसलंसं प्लास्टिक मोज्याच्या बोटांत शिवलं होतं. बाबांचा लुळा हात त्याच्या जोरावर कप धरायचा. बाबा गेले तेव्हा मीच तो काढून कपाटात टाकला होता.

भर दुपारी आईच्या घरात काळोख. पडदे ओढलेले, फटींत कापडं कोंबलेली, कोंदट वास. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पलीकडे भरलेली बॅग.

"आई, हे काय चालवलंयस?"

"पडदा नको उघडूस गं..."

माझं डोकंच फिरलं. रोज फोनवर "येते, येते" म्हणायचं आणि आयत्या वेळी हा हट्ट! मी तरातरा जाऊन पडदा सरकवला.

आई कळवळली. रिकाम्या मोज्यानं तिचं मनगट धरलं होतं, आणि उन्हात त्याची बोटं आणखी आवळत चालली होती.

मी झटकन पडदा लावला. "थांब, अंधारात सुटेल."

"रोज तेच करतेय," आई कुजबुजली. "एखादं बोट सोडतात... बॅगेला हात लावला की पुन्हा धरतात."

"मला सांगायचं नाहीस?"

"वेडी म्हणाली असतीस."

आम्ही वाट पाहिली. काळोखात नुसती प्लास्टिकची कुरकुर. मी अंगठा उचकटला, तर बाकीची बोटं घट्ट झाली. घाबरले होतेच, पण त्याहून जास्त संतापले. जन्मभर या माणसाला सगळं हातात आणून द्यायचं, आणि आता हेही?

"बाबा, पुरे झालं!" मी ओरडले. "सोडा तिला!"

कुरकुर थांबली. एकेक बोट उघडलं.

"तुझं ऐकलं..." आई रडतच म्हणाली. मी तिला दाराबाहेर काढलं आणि बॅगेसाठी वळले. तिची सगळी औषधं त्यात होती.

मोजा पलंगावर उताणा पडला होता, तळवा माझ्याकडे. दारातला उजेड तिथवर पोचत नव्हता. तरी बोटं हळूहळू आत वळली, उघडली, पुन्हा वळली. खुर्चीतून उठायचं असलं की बाबा असंच बोलवायचे, आणि जवळ असेल त्याला जावंच लागायचं.

बॅग त्याच्या पलीकडे होती.